भिंत वाळू द्या: कोल्हापूरच्या पावसात टिकणारं आणि उन्हात न तापणारं घर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीतल्या आमच्या मावशीच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरलं, गाळ काढला, फरशी घासली आणि दिवाळीच्या आत रंगारी लावून घर चकाचक केलं. शिमग्यापर्यंत रंगाचे पोपडे सुटले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हॉलच्या भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल लावली. पुढच्या पावसाळ्यात ओल टाइलच्या वर, पाचव्या फुटावर उमटली. मावशी म्हणाली, "टाइल लावून घेतली नव्हं, मग ही वर कुठनं आली रं?"

ती नवी ओल नव्हती. वीट पुराचं पाणी पिऊन बसली होती आणि जमिनीतूनही थोडं थोडं ओढत होती. टाइल लागली आणि चार फुटांपर्यंतचा वाळायचा रस्ता बंद झाला. पाणी भिंतीतूनच वर चढलं आणि जिथे उघडा गिलावा सापडला तिथे बाहेर पडलं.

बांधकामाच्या साइटवर माझी बावीस वर्षं गेली. त्यातली निम्मी तरी अशा भिंती दुरुस्त करण्यात. या सगळ्यातून मी एकच गोष्ट धरून बसलोय: घरात पाणी कमीत कमी शिरावं आणि जे शिरेल त्याला बाहेर पडायला वाट असावी. कोल्हापुरात तीन-चार महिने पाऊस, पश्चिमेला गगनबावड्याकडे तर त्याचा धुमाकूळ, आणि एप्रिल-मेमध्ये अडतीस-चाळीस अंशांचं ऊन. दोन्ही सोसणारं घर बांधायचं तर पैसे खर्च करायचा क्रम ठरलेला हवा. आधी पावसाचं पाणी, मग जमिनीची ओल, मग घरातली दमट हवा आणि शेवटी ऊन. लोक हा क्रम उलटा करतात. गच्ची गळत असताना एसी घेतात.

पायरी १: ओल कुठून येते ते आधी शोधा

जुनं घर असेल तर केमिकलचा डबा आणण्याआधी हे करा. ओल असलेल्या भिंतीवर दीड फुटी जाड प्लॅस्टिकचा चौकोन धरा आणि चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. दोन दिवस हात लावू नका. मग बघा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला ओलावा असेल आणि आत कोरडं असेल तर पाणी घरातल्या हवेतून भिंतीवर बसतंय. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. मी बघितलंय, आतल्या हवेच्या ओलीसाठी लोकांनी बाहेरून अख्खी भिंत वॉटरप्रूफ करून घेतली आणि पुढच्या पावसाळ्यात कपाटामागे बुरशी होती तशीच.

ओलीचा आकारही बोलतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांचा लोणा, म्हणजे जमिनीची ओल. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत दोन डाग, म्हणजे झड. छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडा असलेला नकाशा, म्हणजे गच्ची. आणि उन्हाळ्यातसुद्धा न वाळणारा डाग असेल तर पाइप बघा. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा.

झडीचं पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळत नसेल तर कोरड्या दिवशी बाहेरून रबरी पाइपनं पाणी मारा, पण खालून सुरुवात करा. आधी खिडकीखालच्या भिंतीवर दहा मिनिटं, मग खिडकीच्या उंबऱ्यावर, मग चौकटीच्या बाजूंना, शेवटी छज्जावर. एक माणूस आत उभा करा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच समजत नाही.

पायरी २: जागा, पाया आणि जोतं

प्लॉट घेताना पूररेषेचा नकाशा महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः बघा, दलालाच्या तोंडावर विसंबू नका. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पण राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना २०१९ आणि २०२१ अशा दोन वर्षांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शंभर वर्षांत एकदा याचा अर्थ शंभर वर्षं निवांत असा नाही. निळ्या रेषेच्या आत घर बांधूच नका. दोन रेषांच्या मध्ये आधीच घर असेल तर मीटर, डीबी (वीज वाटणारा बोर्ड) आणि तळमजल्यावरची सगळी बटणं शेजारच्या भिंतीवर दिसणाऱ्या पुराच्या खुणेच्या वर न्या आणि वायरिंग छताकडून खाली आणा. तळमजल्याच्या कपाटांना प्लाय वापरू नका. कडाप्प्याचे कप्पे धुऊन पुसून परत वापरता येतात.

नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर बसलेला पाया वरखाली होतो. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या जाणाऱ्या भेगा बहुतेक वेळा याच्याच. म्हणून पाया मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत न्या. जोत्याच्या आत भरायला खणलेली तीच काळी माती परत टाकू देऊ नका. ठेकेदाराला ती फुकट पडते, म्हणून टाकतो. मुरूमच भरायचा, सहा-आठ इंचांच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुम्मस करून.

जोतं रस्त्यापासून किमान अडीच फूट उंच घ्या. आज दीड फूट पुरेसं दिसतं, पण रस्ता दर डांबरीकरणाला चढत जातो. मंगळवार पेठेत अशी घरं आहेत जिथे पूर्वी तीन पायऱ्या चढून आत जायचे आणि आता एक पायरी उतरून जावं लागतं. एकदा रस्ता उंबऱ्याच्या वर गेला की त्या घराची ओल काढणं फार अवघड होतं.

आता डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल अडवणारा थर. जोत्याच्या वर, विटांचं काम सुरू व्हायच्या आधी, दीड-दोन इंच जाडीचा दाट काँक्रीटचा थर भिंतीच्या पूर्ण रुंदीत आणि त्यावर डांबराचा हात. वीट खालचं पाणी वर ओढते, दिव्याची वात तेल ओढते तसं, आणि हा थर ती वात कापतो. आरसीसी फ्रेममध्ये जोत्याचा बीम असतो म्हणून हल्ली डीपीसी गाळतात. बीमचं काँक्रीट पोकळ राहिलं तर पाणी त्यातूनही चढतं, तेव्हा डांबराचा हात तरी मारून घ्याच.

पण डीपीसी असूनही ओल आलेली घरं मला जास्त भेटतात. कारण असं की बाहेरचा गिलावा डीपीसीवरून सरळ खाली जमिनीपर्यंत नेलेला असतो. किंवा नंतर अंगणात माती टाकून पेव्हिंग ब्लॉक बसवलेले असतात आणि ते डीपीसीच्या वर गेलेले असतात. मग पाणी डीपीसीला वळसा घालून चढतं. बाहेरचा गिलावा डीपीसीपाशी तोडा, अंगणाची पातळी त्याच्या किमान सहा इंच खाली ठेवा. घराभोवती अडीच-तीन फुटांचा कोबा करा, त्याला बाहेरच्या बाजूला दीड-एक इंच उतार द्या आणि कोबा आणि भिंत यांच्या सांध्यात डांबर किंवा सीलंट भरा. भिंतीला चिकटून बाग करू नका. मोगरा दोन फूट पुढे सरकवला तरी तेवढाच फुलतो.

पायरी ३: काँक्रीट आणि गिलावा

इथे थोडक्यात सांगतो, कारण तुमचा इंजिनिअर असेलच. तुम्ही स्वतः तीन गोष्टींवर नजर ठेवा. एका सिमेंटच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी, त्याच्या पुढे नाही. काम सोपं व्हावं म्हणून पाणी वाढवलं की ते नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात, पावसाला तीच हवी असतात. सळी आणि साचा यांत अंतर ठेवणारे कव्हर ब्लॉक सळीखाली हवेतच: स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०. खडीचा तुकडा सळीखाली सरकवणं म्हणजे कव्हर नव्हे. आणि पाणी मारणं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर दहा. "साहेब, मारलंय की पाणी" असं उत्तर आलं तर भिंतीला हात लावून बघा. दुपारी चार वाजता भिंत गार आणि ओली लागली पाहिजे.

बाहेरचा गिलावा दोन थरांत, मिळून २० मिलिमीटर. वीट आणि कॉलम-बीम यांच्या सांध्यावर कोंबडीजाळी मारल्याशिवाय गिलावा सुरू करू देऊ नका. तिथे भेग पडतेच.

पायरी ४: गच्ची

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर २,३५० लिटरच्या आसपास पाणी होतं. आषाढात हे तासाभरातही येतं. म्हणून एवढ्या गच्चीला चार इंची तीन पाइप हवेत. एकाच पाइपवर भागवलं आणि त्यात पिंपळाची पानं अडकली की गच्चीचा तलाव होतो.

उतार १०० ला १, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. हा उतार विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात काढतात. त्याआधी स्लॅब घासून धुऊन घ्या, भेगा उघडून भरा, पाइप जिथून खाली जातो तिथे भोवताली नॉन-श्रिंक ग्राउट (न आक्रसणारा मसाला) भरा. कठडा आणि स्लॅब यांच्या कोनात तीन-चार इंचांचा गोलसर वाटा, म्हणजे मसाल्यानं भरलेला गोल कोपरा, हवाच. गच्ची गळते ती मधोमध क्वचितच, गळते या कडांतून. कोबा झाल्यावर पाइप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं करा आणि खालून छत बघत राहा. हे केल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल देऊ नका. कठड्याच्या डोक्यालाही आतल्या बाजूला उतार द्या, नाहीतर धुळीचं पाणी बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ काढतं.

वर पांढरी चायना मोझॅक घाला. ती पाणी अडवते आणि ऊन परत फेकते, एका खर्चात दोन कामं.

पायरी ५: पश्चिमेची भिंत

कोल्हापूरला पाऊस पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्याच्या दुपारचं कडक ऊनही पश्चिमेकडूनच. चार भिंतींसाठी बजेट सारखं वाटू नका. या भिंतीला जास्त द्या.

आधी पावसाचं. जुन्या वाड्यांची वळचण दोन-अडीच फूट बाहेर असायची, पागोळी भिंतीपासून लांब पडायची. आता आपण भिंती सपाट सोडतो आणि मग महागडा रंग शोधतो. छज्जा दोन फुटांचा करा आणि त्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून इंच-दीड इंच आत, बोटाएवढी खाच सोडा. ही पाणपट्टी. पाणी छज्जाच्या कडेवरून वळून खालच्या पोटाला चिकटतं आणि सरकत भिंतीपर्यंत येतं. खाच आली की त्याचा धर सुटतो आणि थेंब खाली पडतो. आमच्या एका साइटवर गवंड्यानं एका छज्जाला खाच सोडली होती आणि शेजारच्या छज्जाला विसरला होता. पहिल्याच झडीनंतर मी दोन्हींच्या पोटावरून बोट फिरवलं. एकाच्या खाचेच्या आत धूळ कोरडी होती, दुसऱ्याच्या पोटावर भिंतीपर्यंत पाण्याचे मणी लटकत होते. खर्च शून्य, सेंटरिंगमध्ये एक पट्टी ठोकायची, बस्स.

खिडकीच्या उंबऱ्याचा दगडही बाहेर दीड इंच काढा, बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि त्यालाही तशीच खाच मारून घ्या. दगड चौकटीच्या खाली आतपर्यंत गेला पाहिजे. सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती साचलेलं पाणी बाहेर टाकण्यासाठी. रंगारी आणि सिलिकॉनवाले ती बुजवतात. काडीनं मोकळी करा.

आता ऊन. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीचे किरण महाद्वारातून शिरून थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात, हे आपण जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये बघतो. मावळता सूर्य इतका आडवा येतो. त्याला वरचा छज्जा कसा अडवणार? पश्चिमेला उभी आडोशाची गोष्ट लागते: जाळी, बाहेरून बांबूचा पडदा, वेल, झाड किंवा ओसरी. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं, उष्णता घरातच राहते. दक्षिणेच्या खिडकीला मात्र छज्जा पुरतो. पश्चिमेला झोपायची खोली न करता जिना, संडास-बाथरूम किंवा कोठी ठेवली तर त्या खोल्या उन्हाची ढाल होतात.

भिंतीसाठी भाजकी वीट चांगलीच आहे, नऊ इंच जाड. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या छिद्रांचा हलका सिमेंटचा ठोकळा, तिच्या निम्म्याहूनही कमी उष्णता आत सोडतो, पण पाणी भरपूर पितो. पश्चिमेला ब्लॉक वापरणार असाल तर पाणपट्टी आणि गिलाव्यात हयगय चालणार नाही.

पायरी ६: वरचं ऊन

साध्या घरात उन्हाळ्यात सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. दुपारभर तापलेला स्लॅब ती चार-पाच तासांनी खाली सोडायला लागतो, म्हणून रात्री नऊ वाजता पंख्याची हवा गरम लागते. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताच्या उष्णतावहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला १.२ वॅट आहे. उघडा स्लॅब तीनच्या वर जातो. नवीन बांधताना स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा दाट फोम) आणि त्यावर कोबा घातला तर उष्णता पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. जुन्या घरात आधी दर उन्हाळ्याला चुन्याचा पांढरा हात द्या आणि फरक तळव्यानं बघा. पांढऱ्या भागावर दुपारी हात टेकवता येतो, शेजारच्या करड्या भागावर येत नाही.

सोलर पॅनेल बसवणार असाल तर त्यांच्या खाली फूटभर जागा ठेवा, हवा खेळते आणि छताला सावलीही मिळते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. फक्त स्टँडचे बोल्ट वॉटरप्रूफिंगमध्ये ठोकू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे टाकून त्यावर स्टँड उभा करा. मी बघितलेल्या नव्या गळत्यांपैकी बऱ्याच या बोल्टांच्या आहेत.

एवढं झाल्यावर एसीचा विचार करा. बहुतेक घरांना कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे पुरतात. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, हे ३० च्या आसपास.

पायरी ७: घरातली हवा

चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, अंघोळ आणि कपडे यांतून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत जातं. पावसाळ्यात बाहेरची हवाही नव्वद टक्के दमट, म्हणून खिडक्या उघड्या टाकून घर वाळत नाही. चार-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. पाऊस थांबून उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, झड सुरू झाली की बंद करा. बाथरूम आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट काम संपल्यावरही वीस मिनिटं चालू ठेवा. ओले कपडे एकाच खोलीत, पंख्याखाली, दार लावून वाळवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. बुरशी तिथेच येते, कारण भिंत गार आणि मागे हवा हलत नाही.

पावसाळ्यात एसी वीसवर ठेवू नका. बाहेरच्या हवेतलं पाणी बावीस-तेवीस अंशांच्या पृष्ठभागावर सुटायला लागतं. एसीनं भिंत त्याखाली गेली की दार उघडताच ती घामेजते. ड्राय मोड किंवा २६ अंश पुरे.

पायरी ८: भिजलेली भिंत आणि रंग

आता मावशीच्या भिंतीकडे. टाइल काढली. पुराच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत आतला गिलावा खरवडून वीट उघडी केली. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर टाकला. तो पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की क्षार परत विटेत जातात. मग थांबलो. विटेला वाळायला इंचाला महिना लागतो असा अंदाज धरतात. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-पाच महिने गेले. मावशीनं तेवढे दिवस उघड्या विटांचा हॉल सोसला आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवले. फेब्रुवारीत प्लॅस्टिक चिकटवलं, दोन दिवसांनी भिंतीकडची बाजू कोरडी निघाली. तेव्हा चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात दिला. चुना ओल सोडतो. ऑइल पेंट आणि रबरासारखे जाड रंग ती आत कोंडतात. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला तर सिमेंटचा गिलावा कधीच करू नका.

नव्या घरालाही हेच लागू. गिलाव्यातलं पाणी जायला एक उन्हाळा द्या. वास्तुशांतीला पांढरा चुना चालतो. महाग रंग पुढच्या दिवाळीला.

आणि दरवर्षी मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, एक सकाळ काढा. गच्चीच्या पाइपांची तोंडं, खिडक्यांच्या रुळांची भोकं, छज्जाच्या खाचेत कुंभारमाशीनं केलेली मातीची घरं, सगळं साफ करा. मग गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि खाली जाऊन तिन्ही पाइपांतून ते येतंय का बघा.